कपाटातली ती नोटीस आधी विमा कंपनीला पाठवा

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. दगडी पाया, वर विटांचं बांधकाम, माझ्या आणि मिसेसच्या नावावर. शेजारचा वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उठतंय. पार्किंगसाठी बिल्डरनं आमच्या भिंतीला लागून जेसीबीनं खोल खणलंय. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेलाय, मागचं दार चौकटीत घासतंय. तोंडानं सांगून बघितलं, ऐकत नाही.

घराच्या दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा त्यासोबत विमा उतरवला होता. पॉलिसीत ‘तृतीय पक्ष दायित्व व कायदेशीर खर्च – २ लाख’ असं छापलंय. मुलगा इंग्लंडला लेस्टरमध्ये असतो. तो म्हणाला, इकडं घराच्या विम्यात वकील मिळतो, तुम्हीपण क्लेम टाका. मी वकील दिला, ३५ हजार भरले, बिल्डरला नोटीस गेली. बिल कंपनीला पाठवलं तर उत्तर आलं, ‘पूर्वसंमती नाही, तसेच सदर खर्च संरक्षणाच्या कक्षेत येत नाही.’ तड्याच्या नुकसानीलाही नकार. मग हा विमा काय कामाचा? कंपनीवर केस करू का?

जाता जाता एक सांगतो. बिल्डरचीही नोटीस आलीय. म्हणे आमच्या सज्जाचं प्लास्टर पडून त्याच्या गवंड्याच्या खांद्याला लागलं, तीन लाख द्या. दबाव आणायला दिलीय हे उघड आहे, म्हणून ती कपाटात ठेवून दिली. त्या गवंड्याच्या दवाखान्याचं बिल देतो असा व्हॉट्सअ‍ॅप मात्र माणुसकीनं केलाय.

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही जे ‘जाता जाता’ म्हणून लिहिलंय, तेच मी आधी घेते. ती नोटीस कपाटातून काढा आणि आजच्या आज विमा कंपनीला पाठवा. तडा, ३५ हजार, कंपनीवर केस, या सगळ्यावर बोलू, पण त्यातलं काहीही दोन दिवस थांबू शकतं. ही नोटीस थांबू शकत नाही.

तुमच्या पॉलिसीतला तो दोन लाखांचा विभाग नेमका अशाच नोटिशीसाठी आहे. तुमच्या घरामुळं तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि त्यानं तुमच्याकडं भरपाई मागितली, तर ती भरपाई आणि तो दावा लढवण्याचा खर्च कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलते. ‘कायदेशीर खर्च’ हे शब्द ‘तृतीय पक्ष दायित्वा’ला जोडून छापलेत, ते याचसाठी. कुणी तुमच्यावर चालून आलं तर बचावाचा खर्च मिळतो. तुम्ही कुणावर चालून गेलात तर मिळत नाही. तुम्ही बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीचं बिल कंपनीला दिलं आणि बिल्डरनं तुम्हाला पाठवलेली नोटीस घरात ठेवली. नेमकं उलट व्हायला हवं होतं. यात तुमचा दोष मी धरत नाही. विमा विकताना हा फरक ग्राहकाला समजावून सांगितला जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता घाई का, ते सांगते. अशा विभागाखाली साधारणपणे तीन अटी असतात आणि त्या तिन्ही तुमच्या बाबतीत पणाला लागल्यात. पहिली, दाव्याची खबर मिळताच कंपनीला लेखी कळवायचं. दुसरी, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुठलीही जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो म्हणायचंही नाही. तिसरी, बचाव कसा चालवायचा आणि वकील कोण द्यायचा, हे ठरवायचा हक्क कंपनीचा. उशिरा कळवलं म्हणून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बिल देतो’ लिहिलं म्हणून कंपनी हात झटकू शकते. झटकेलच असं नाही. पण जितका उशीर कराल तितकं तिचं काम सोपं होईल.

तो मेसेज पुसून टाकू नका. तो समोरच्याच्या फोनमध्ये आहेच. पुसलात तर लपवल्यासारखं दिसेल. उलट कंपनीला स्वतःहून सांगा की, माणुसकीच्या नात्यानं दवाखान्याचा खर्च देतो असं लिहिलं होतं, जबाबदारी मान्य केलेली नाही आणि अजून एक रुपयाही दिलेला नाही. त्या गवंड्याची विचारपूस करायला जायला काहीच हरकत नाही. त्याला लागलं असेल तर ते दुखणं खरं आहे, मग नोटीस कुठल्याही हेतूनं आलेली असो. फक्त पैशाबद्दल बोलू नका आणि काही लिहून देऊ नका.

दोन लाख म्हणजे किती, हेही पॉलिसीत बघा. काही पॉलिसींत वकिलाचा खर्च भरपाईच्या मर्यादेतूनच वजा होतो, काहींत तो वेगळा मिळतो. तुमच्या ओळीत दोन्ही एकत्र छापलंय, म्हणजे बहुधा पहिला प्रकार. तसं असेल तर बचावावर ५० हजार खर्च झाले की भरपाईसाठी दीड लाख उरतात. बिल्डर तीन लाख मागतोय. कोर्टानं समजा ते सगळे मंजूर केले, तर उरलेला दीड लाख तुमच्या खिशातून जाईल. शिवाय ही मर्यादा एका घटनेची की पूर्ण वर्षाची, आणि सुरुवातीची काही रक्कम तुम्हीच सोसायची अशी अट आहे का, तेही तपासा. हे सगळं पॉलिसीच्या तपशिलाच्या (शेड्यूलच्या) पानावर नसतं, मागच्या बारीक अक्षरातल्या अटींत असतं. तुमच्याकडं फक्त प्रमाणपत्राचं एक पान असेल तर कंपनीकडून अटींसह पूर्ण पॉलिसी ईमेलवर मागवा. कर्जासोबतच्या विम्यात ग्राहकाच्या हाती बरेचदा तेवढं एकच पान पडतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, ती मला विचारावीच लागेल. सज्जा धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस पूर्वी कधी आली होती का? आली असेल आणि दुरुस्ती केली नसेल, तर कंपनी म्हणेल की तुम्हाला धोका माहीत होता. तसं काही असेल तर तुमच्या वकिलांपासून लपवू नका.

आता ३५ हजारांचं. ते पैसे विम्यातून मिळणार नाहीत, काका. कंपनीनं दिलेली दोन्ही कारणं टिकणारी आहेत. बिल्डरवरची केस जिंकलात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ खाली कोर्ट तुम्हाला खर्च देववू शकतं. पण प्रत्यक्षात मंजूर होणारा खर्च वकिलाच्या खऱ्या फीच्या आसपासही जात नाही, त्यामुळं त्याच्यावर हिशेब मांडू नका.

तड्याच्या नुकसानीला नकार का आला, तेही बघू. तुमची मूळ पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असावी. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक झालं. तिच्यात आग, वीज, वादळ, पूर यांच्याबरोबर जमीन खचणंही धरलंय. पण त्याच रकान्याच्या शेजारी लिहिलंय की पाडकाम, बांधकाम, जमिनीचं काम किंवा खोदकाम यांमुळं जमीन खचली असेल तर भरपाई नाही. आणि हे तुमच्याच नव्हे, कुणाच्याही मिळकतीवरच्या बांधकामाला लागू आहे. तुमची केस बरोबर त्या ओळीत बसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्याकडं कितीतरी जणांनी घराचा विमा उतरवला. त्या सगळ्यांनी पुराची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचली असेल. खोदकामाची ओळ कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही, आणि पेठांमध्ये आज जुन्या घरांना पुराइतकाच धोका शेजारच्या खड्ड्याचा आहे.

याच पॉलिसीत नुकसानीच्या मंजूर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत फी मिळते असं एक कलम आहे, ते वाचूनही लोक फसतात. ती फी आर्किटेक्ट, सर्व्हेअर आणि सल्लागार इंजिनिअर यांची आहे, वकिलाची नव्हे. त्याखालचे २ टक्के राडारोडा उचलायचे. तेही मूळ नुकसान मंजूर झालं तरच.

मुलगा तुम्हाला चुकीचं सांगत नव्हता. तो तिथलं सांगत होता. ब्रिटनमध्ये घराच्या विम्याला कायदेशीर खर्चाचं वेगळं संरक्षण जोडून घेता येतं, बहुतेकदा त्याचा हप्ता वेगळा असतो. मर्यादा साधारणपणे ५० हजार किंवा एक लाख पौंड. घराचं नुकसान करणाऱ्या शेजाऱ्यावर स्वतः दावा लावायलाही ते चालतं. आपल्याकडच्या प्रमाणित गृहविम्यात असा भागच नाही.

पण तिथंही वाटतं तितकं मोकळं रान नाही, आणि मुलाचं घर तिथं आहे म्हणून हे त्यालाही वाचून दाखवा. दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के तरी हवी, असं विमा कंपनीनं नेमलेल्या वकिलाचं मत असावं लागतं. खटला चालू असताना ते मत खाली आलं तर कंपनी मध्येच पैसे थांबवू शकते. मिळणाऱ्या रकमेपेक्षा खर्च जास्त होणार असेल तरी ती नाही म्हणू शकते. आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क तिथल्या १९९० च्या नियमांनी दिलाय, पण प्रत्यक्ष कोर्टाची कारवाई सुरू करायची वेळ येईपर्यंत बऱ्याच कंपन्या आपल्याच पॅनेलवरचा वकील देतात. नंतर तुमचा वकील मानला तरी त्याची फी कंपनीच्या दरानंच देतात, वरचा फरक तुमचा. पॉलिसी घेण्याआधी सुरू झालेलं भांडण चालत नाही. आणि कंपनीला न विचारता आधीच वकील देऊन झालेला खर्च तिथंही मिळत नाही. म्हणजे तुमचे ३५ हजार लेस्टरमध्येही बुडाले असते.

तिथला एक कायदा मात्र आपल्याकडं असावा असं मला फार वाटतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतींसाठी १९९६ चा कायदा आहे. शेजाऱ्याच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर किमान एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. पटलं नाही तर सर्व्हेअर नेमून काम कसं करायचं हे ठरतं. तुमच्याकडं मात्र जेसीबीचा आवाज आला तेव्हाच तुम्हाला कळलं.

मग आपल्याकडं काय करायचं? बिल्डरवर दावा लावायचाच, पण खर्च सांभाळून. पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाचा, आणि तो टाळू नका. वकिलाच्या पुढच्या फीआधी हा पैसा बाजूला काढा. तडा कुठून सुरू होतो, किती रुंद आहे, खड्ड्याच्या बाजूला जास्त उघडलाय का, पाया खचलाय का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. अहवाल येईपर्यंत तड्यावर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरनं बसवून घ्या. तडा वाढला की काच तडकते. प्रत्येक पट्टीशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहा आणि ती तारीख दिसेल असा फोटो काढा. भिंत अजून हलतेय हे न्यायाधीशांना दाखवायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

त्याचवेळी महापालिकेत लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून कुणाचंच काम थांबत नाही. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगीच्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. तळघर नकाशात आहे का आणि किती खोल मंजूर आहे, ते त्यातून कळेल. पाऊस तोंडावर असेल तर तीस दिवस थांबू नका. तुमच्या वकिलांना सरळ दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मागायला सांगा आणि सोबत कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्यायला सांगा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट जागा पाहायला कमिशनर पाठवू शकतं. खड्डा एकदा काँक्रीटनं भरला की तो किती खोल होता यावर वर्षानुवर्षं वाद घालता येतो. कमिशनरचा अहवाल तो वाद आधीच मिटवतो.

फीबद्दल एक मार्ग तुमच्या पत्रातच आहे. घर काकूंच्याही नावावर आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणं स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. काकूंनी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करावा. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, तो कायद्यानं दिलेला हक्क आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, याच कलमात पूरग्रस्तही येतात. चौकशीचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे.

काम थांबलं की बिल्डर बहुधा बोलायला येईल, कारण थांबलेलं काम त्याला रोज महागात पडतं. तेव्हा लोक अदालतीत तडजोड करायला माझी हरकत नाही. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र अपील नाही हे दोन्ही बाजूंनी कापतं. भिंतीला आधार कसा देणार, कुणाच्या देखरेखीखाली, किती दिवसांत आणि नंतर तडा पुन्हा उघडला तर काय, हे शब्दाशब्दानं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. गवंड्याच्या मागणीचा विषय त्याच तडजोडीत निघाला, आणि तो निघेलच, तर सहीआधी विमा कंपनीची लेखी संमती घ्या.

इथं सगळ्यात जास्त जपायची गोष्ट येते. आता तुमच्या बाजूनं दोन वकील असतील. बिल्डरवरच्या दाव्यात तुमचा स्वतःचा किंवा काकूंना मिळालेला, आणि गवंड्याच्या दाव्यात विमा कंपनीचा. दोघांचं बोलणं एक असायला हवं. खोदकामानं तुमची भिंत हलली असेल तर सज्जाचं प्लास्टर त्यामुळंच सुटलं का, हा पहिला प्रश्न आहे. इंजिनिअरच्या अहवालात सज्जाचीही तपासणी करून घ्या. उत्तर ‘हो’ आलं तर एकच कागद दोन्ही केसेसमध्ये तुमच्या कामी येतो. पण एका कोर्टात ‘प्लास्टर जुनंच होतं, मी दुरुस्त करणारच होतो’ आणि दुसऱ्यात ‘घर अगदी ठणठणीत होतं’ असं गेलं, तर दोन्हीकडं हात पोळतील. कंपनीचा वकील कंपनीचा दोन लाखांचा बोजा बघतो, तुमची भिंत त्याच्या कामात येत नाही. म्हणून त्याचं प्रत्येक उत्तर दाखल होण्याआधी तुमच्या वकिलांना वाचायला द्या. तसं आग्रहानं मागा.

कंपनीवर केस करू का, असं विचारलंय. ३५ हजारांसाठी करू नका. बिल्डरच्या नोटिशीतल्या, गवंड्याच्या दाव्याला मात्र तिनं नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडं जा. कोल्हापूर त्यांच्याच कक्षेत येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. म्हणून कंपनी जे काही म्हणेल ते लेखी घ्या. फोनवरच्या नकाराला तारीख नसते.

ईमेल असा पाठवा, यात भर घालू नका:

‘माझ्या पॉलिसीतील तृतीय पक्ष दायित्व विभागाखाली ही सूचना देत आहे. सोबत जोडलेली नोटीस मला अमुक तारखेस मिळाली. तीत नमूद घटना माझ्या घराशी संबंधित असल्याचे म्हटले आहे. मी कोणतीही जबाबदारी मान्य केलेली नाही व कोणतीही रक्कम दिलेली नाही. वैद्यकीय खर्चाबाबत पाठवलेल्या मेसेजची प्रत सोबत आहे. शेजारील खोदकामामुळे माझ्या घरास तडे गेले असून त्याबाबत स्वतंत्र कारवाई सुरू आहे. नोटिशीस उत्तर देण्याबाबत व वकील नेमण्याबाबत आपल्या लेखी सूचना त्वरित कळवाव्यात. पॉलिसीच्या संपूर्ण अटींची प्रतही पाठवावी.’

ईमेलबरोबर हेच पत्र छापून कंपनीच्या कोल्हापुरातल्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. बिल्डरच्या नोटिशीत उत्तराची मुदत दिलेली असेल आणि तोपर्यंत कंपनीकडून काही आलं नाही, तर तुमच्या वकिलांकडून एवढंच उत्तर जाऊ द्या की मागणी मान्य नाही आणि सविस्तर उत्तराचा हक्क राखून ठेवला आहे.